कारखान्याचं धुणं

मॅडम पहिल्यांदा घरी आल्या तेव्हा धोबीण उंबऱ्यात रिकामी बसली होती, आणि त्याचीच तिला लाज वाटली. भर सकाळी धोबिणीने हात कोरडे ठेवून बसावं, असं तिच्या सासूच्या काळात कधी झालं नव्हतं. पण गेल्या दोन वर्षांत घरोघरी मशीन आली होती. लोक वाईट नव्हते. वाटेत भेटले की चांगल्या तोंडाने म्हणायचे, "वहिनी, आता घरीच टाकतो मशीनला. चादरी निघाल्या की देऊ." चादरी काही रोज मळत नाहीत.

तिचा नवरा इस्त्री करायचा. कोळशाची जड इस्त्री त्याच्या हातात अशी फिरायची की बघणाऱ्याला ती कागदाची वाटावी. माणूस मूळचा गमत्या. म्हणायचा, "गाव फार स्वच्छ झालंय आपलं. आपल्याला उपाशी ठेवण्याइतकं स्वच्छ."

मॅडम तिशीच्या असतील. अंगण ओलं होतं तरी त्यांनी दाराबाहेर चपला काढल्या आणि दिलेल्या चटईवर मांडी घालून बसल्या. तेवढ्यानेच सासूचं मन वळलं.

"ताई, नदीपलीकडे आमचा बॅटरीचा कारखाना आहे ना," मॅडम म्हणाल्या, "तिथल्या कामगारांचे कपडे आतच मशीनवर धुतात. मी वरच्या साहेबांच्या मागे लागले. म्हटलं, हे काम गावातल्या हातांना का देऊ नये? कारखान्याला नफा हवा, त्यात गैर काही नाही. पण त्या नफ्याबरोबर एखादं घरही उभं राहिलं तर कुणाचं काय बिघडतं? माझं कामच आहे ते. समाजाचं देणं बघायचं."

सासू भिंतीला टेकून ऐकत होती. तिने विचारलं, "मग आतलं धुणं बंद करणार?"

"हो आजी."

"कशासाठी?"

"तुमच्यासाठी," मॅडम म्हणाल्या. त्यांच्या चेहऱ्यावर खोटं काही नव्हतं.

धोबिणीच्या सातवीतल्या मुलीने कराराचा कागद वाचून दाखवला. धुण्याचं काम 'स्वतःच्या जागी, स्वतःच्या पद्धतीने आणि स्वतःच्या जबाबदारीवर' करायचं, असं त्यात एक वाक्य होतं. नवरा हसला. "आजवर दुसऱ्याच्या पद्धतीने कुठे धुतलंय?" दोघांनी सह्या केल्या. मॅडमबरोबर आलेल्या माणसाने फोटो काढला. धोबिणीला तो हसा म्हणाला, आणि ती हसली, कारण त्या दिवशी तिला खरंच हसू येत होतं.

कपड्यांची गाडी एक दिवसाआड यायची. गाडीवाल्याला गावात 'सावकाश' म्हणत, कारण त्याची गाडी सायकलींनासुद्धा पुढे जाऊ द्यायची. तो गाठोडी हाताने उचलत नसे. लांब आकड्याने ओढून खाली पाडायचा आणि तोंडाला रुमाल बांधलेलाच ठेवायचा. पहिल्या दिवशी जाता जाता म्हणाला, "वहिनी, कपडे फार झटकत जाऊ नका."

"वरून निरोप आहे का तसा?"

"नाही. मीच सांगतोय." एवढं बोलून तो गेला.

कपडे म्हणजे गळ्यापासून घोट्यापर्यंतचे एकसंध डगले. जाड, निळे, पण निळा रंग शोधावा लागायचा. शिवणींत, खिशांच्या कोपऱ्यांत, कॉलरखाली राखाडी भुकटी बसलेली. शिसपेन्सिल घासल्यावर बोटांना लागते तशी, गुळगुळीत. मांड्यांवर आणि बाह्यांवर बारीक भोकं, तेजाबाचे थेंब उडून पडलेली. डगला पाण्यात बुडवला की आंबट वास यायचा आणि नाकात चरचरायचं. दगडावर पहिला आपटा बसताच पाणी राखेसारखं व्हायचं. तो पट्टा प्रवाहात लांबत जायचा, वळणावरच्या झुडपांपाशी पांगायचा, आणि मग नदी नेहमीसारखी दिसायची.

धोबिणीने आयुष्यभर मळ बघितला होता. माणसाचा घाम, तेल, आजारपणातली अंथरुणं. मळाला ती कधी नाक मुरडत नसे. पण हा मळ निघून जाताना वेगळा दिसायचा. तो पाण्यावर तरंगत नसे, तळाशी बसायचा. दगडाखालची वाळू पंधरा दिवसांत काळपट झाली.

कारखान्याने रबरी हातमोजे दिले होते. त्यांत मनगटावरून पाणी शिरायचं आणि हात बादलीएवढे जड व्हायचे, पकड यायची नाही. चार दिवसांत तिने ते खुंटीला लावले. महिन्याभरात नखांच्या कडा पांढऱ्या पडल्या आणि बोटांच्या पेरांवर चिरा गेल्या. जेवताना बोटांना मीठ झोंबायचं. ती चमच्याने जेवायला लागली, तर सासू म्हणाली, "साहेबीण झालीस."

ओला डगला एकट्याने पिळता येत नसे. नवरा एका टोकाला, ती दुसऱ्या टोकाला. तो उजवीकडे पीळ देई, ती डावीकडे. मधोमध कापड दोरखंडासारखं कडक झालं की तो म्हणायचा, "आता सोड, नाहीतर कामगार आतून ओरडेल."

ते चांगले दिवस होते, हे नाकारण्यात अर्थ नाही. छपराचे फुटके पत्रे बदलले. मुलीला चष्मा लागला होता, तो आला. कारखान्याच्या फाटकाशेजारी मोठा फलक लागला, त्यावर धोबिणीचा हसरा फोटो, आणि खाली 'आमची प्रगती, सर्वांची प्रगती'. दूधवाला नदीच्या खालच्या अंगाला राहायचा. म्हशी घेऊन जाताना तो थांबून म्हणाला, "वहिनी, तुम्ही तर फलकावर चढलात. आमच्याकडे बघाल ना आता?"

"तू म्हशींकडे बघ," ती म्हणाली, आणि दोघं हसले.

उन्हं तापायला लागली तशी नदी आटली. आणि नवऱ्याचं पोट दुखायला लागलं.

आधी त्याने ते अंगावर काढलं. बेंबीभोवती कुणीतरी दोरी आवळल्यासारखं व्हायचं, घामाने भिजून तो भिंतीला पाठ लावून बसायचा. शौचाला साफ होईना. जेवण समोर आलं की ताट सरकवायचा. कधी न चिडणारा माणूस मुलीच्या पाठांतराच्या आवाजाने चिडायला लागला. काम मात्र चालूच. कोळशाची राख उडू नये म्हणून तो खोलीची खिडकी लावून इस्त्री करायचा, आणि प्रत्येक डगला आधी दाराच्या चौकटीवर झटकायचा, कारण धुऊनही शिवणींतून भुकटी निघायची. सावकाशचं बोलणं धोबिणीने त्याला सांगितलं होतं. तो म्हणाला होता, "न झटकता इस्त्री फिरवली तर डाग पडतो. डाग पडला तर माझं नाव जातं."

एका दुपारी इस्त्री खाली पडल्याचा आवाज आला. ती धावत आत गेली. कोळसे जमिनीवर पसरले होते आणि तो स्वतःच्या उजव्या हाताकडे बघत होता. हात कोपरापासून वर येत होता, पण मनगटापुढे पंजा लुळा लोंबत होता, वाळत घातलेल्या मोज्यासारखा.

"बघ ना," तो म्हणाला, "हात निघाला, पंजा घरीच राहिला."

ती हसली नाही. तोही नाही.

कारखान्याने त्याच आठवड्यात गावात मोफत तपासणीचा तंबू लावला होता. तिथल्या तरुण डॉक्टरने मनगट दाबून बघितलं, जड वस्तू उचलून नस दुखावली असेल म्हणाला, एक पट्टा आणि ताकदीच्या गोळ्या दिल्या. गोळ्यांच्या पाकिटावर कारखान्याचं चिन्ह होतं. रांगेत मागे उभ्या असलेल्या बाईने विचारलं, "गोळ्या फुकट आहेत का?" धोबीण हो म्हणाली.

पंजा उचलेना तेव्हा तिने मॅडमना फोन लावला. मॅडम दुसऱ्या सकाळी स्वतःची गाडी घेऊन आल्या, घरातल्या सगळ्यांना बसवलं आणि शहरातल्या मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथली डॉक्टरीण वयस्कर होती. तिने नवऱ्याचा ओठ खाली ओढून हिरड्या बघितल्या. दातांच्या मुळाशी निळसर काळी रेघ उठली होती.

"बॅटरीच्या कारखान्यात किती वर्षं झाली?" तिने विचारलं.

"मी कारखान्यात नाही, बाई. इस्त्री करतो."

"कुणाच्या कपड्यांना?"

त्याने सांगितलं. डॉक्टरिणीचा पेन थांबला. तिने मॅडमकडे बघितलं, मग घरातल्या चौघांकडे, आणि म्हणाली, "सगळ्यांचं रक्त काढायला लागेल."

तीन दिवसांनी निकाल आला. शिसं. नवऱ्याच्या रक्तात पुष्कळ, धोबिणीच्या बरंच, म्हातारीच्या थोडं. मुलीच्याही रक्तात होतं. ती धुण्याला हात लावत नव्हती, पण इस्त्रीच्या खोलीत बसून अभ्यास करायची, कारण दिवा तिथेच होता.

"औषध देते," डॉक्टरीण म्हणाली. "पण कपडे घरात येत राहिले तर औषधाचा उपयोग नाही. मोठ्यांचं कळून तरी येतं. मुलांचं डोकं मंद होत जातं आणि लोक म्हणतात, अभ्यास करत नाही."

परतीच्या वाटेवर गावाच्या फाट्याशी मॅडम म्हणाल्या, "ताई, मला माहीत नव्हतं. शपथेवर सांगते."

"मला वाटलंच तसं," धोबीण म्हणाली.

"मी वर बोलते."

त्या बोलल्या असणार, कारण आठ दिवस गाडी आली नाही. नवव्या दिवशी आली. गाठोड्यांबरोबर मास्कचं एक खोकं होतं, नवे लांब हातमोजे होते, आणि दाराला लावायला एक पाटी, 'सुरक्षितता प्रथम'.

सासू म्हणाली, "परत पाठव."

धोबिणीने घरात बघितलं. नवरा डाव्या हाताने पाण्याचा पेला धरायला शिकत होता. दवाखान्याच्या फेऱ्या संपल्या नव्हत्या. गावातल्या चादरी तिने केव्हाच नाकारल्या होत्या, वेळ नव्हता म्हणून. ती म्हणाली, "हा उन्हाळा काढू. कपडे घरात आणणार नाही. नदीवरच धुईन, नदीवरच वाळवीन. इस्त्री नको म्हणून सांगते." मुलीला आणि सासूला तिने घाटावर यायची बंदी केली. पिळायला कुणी नव्हतं. ती डगल्याचं एक टोक झाडाच्या बुंध्याला अडकवायची आणि दुसऱ्या टोकाने स्वतः पीळ देत मागे मागे सरकायची. मास्क घामाने ओला होऊन तोंडाला चिकटायचा, मग ती तो हनुवटीखाली ओढून घ्यायची.

त्याच सुमारास दूधवाल्याची रेडकं आजारी पडली. पाणी आटल्यामुळे तो त्यांना वळणावरच्या डबक्यात सोडत होता. आधी एक गोल गोल फिरायला लागलं, झाडाला डोकं लावून ढकलत राहिलं. त्याच्या डोळ्यांसमोर हात नेला तरी पापणी हलेना. ते मेलं, मागून दुसरं मेलं. दूधवाला मेलेल्या रेडकाशेजारी बराच वेळ बसून होता. मग तो उठला आणि नदीच्या काठाकाठाने वर चालत आला. धोबिणीच्या दगडापाशी थांबून त्याने राखाडी पाण्याकडे बघितलं. मग तो तसाच गावात गेला.

गावची बैठक शाळेच्या वर्गात भरली. कारखान्याचे साहेब वेळेवर आले, सगळ्यांना नमस्कार केला, लहान बाकावर अवघडून बसले. त्यांच्याबरोबर पाणी तपासणारा माणूस होता. त्याने भिंतीवर नदीचा नकाशा लावला. कारखान्यापासून गावापर्यंत जागोजागी पाणी घेतलं होतं. कारखान्याजवळचं पाणी चांगलं. पुलाखालचं चांगलं. धोबिणीच्या दगडाच्या वरचं चांगलं. दगडाच्या खालचं वाईट.

"आमच्या नळातून नदीत थेंबही पडत नाही," साहेब म्हणाले. त्यांच्या आवाजात चढेलपणा नव्हता. "कुणीही येऊन बघावं. दोष लावायला मी आलेलो नाही. पण दोष सुरू कुठून होतो ते तुम्ही बघताय."

सगळ्या वर्गाने मान वळवून तिच्याकडे बघितलं. ती दाराजवळ, मुलांच्या दप्तरांच्या खुंट्यांखाली उभी होती.

"साहेब," ती म्हणाली, "कपडे कुणाचे?"

"कपडे आमचे," साहेब म्हणाले. "धुणं तुमचं. कागदात तसंच आहे."

तिने मॅडमकडे बघितलं. मॅडम साहेबांच्या शेजारी बसल्या होत्या. त्या उठल्या, "सर, पण आपण जर..." म्हणाल्या, आणि साहेबांनी मान न वळवता हळूच हात वर केला. मॅडम बसल्या. त्यांनी वहीत काहीतरी लिहायला घेतलं.

मग साहेबांनी सांगितलं की कारखाना हात झटकणार नाही. गावाला पाणी शुद्ध करायचं मशीन बसवून देईल. दूधवाल्याला नवी रेडकं देईल. धुण्याची योजना आजपासून बंद. घाटावरचे दगड आणि वाळू कारखाना स्वखर्चाने उचलून नेईल. वर्गात टाळ्या वाजल्या. धोबिणीला त्या टाळ्यांचा राग आला नाही. मशीनचं पाणी कुणाला नको असतं?

चार दिवसांत दगड गेले. तिच्या सासूच्या सासूपासून त्या दगडांवर धुणं होत आलं होतं, त्यांच्या कडा झिजून उशीसारख्या गोल झाल्या होत्या. यंत्राच्या पंजाने ते उचलले तेव्हा खाली चिखलात चपटे खड्डे उरले आणि त्यांत पाणी भरलं. सासू काठी टेकत बघायला आली, बघितलं, आणि म्हणाली, "चल, उन्हात नको उभी राहूस."

पाण्याच्या मशीनपाशी सकाळी रांग लागायची. धोबीण कळशी घेऊन उभी राहिली की तिच्या पुढची बाई थोडी पुढे सरकायची, मागची थोडी मागे. कुणी वाकडं बोललं नाही. कुणी चादरही दिली नाही.

पावसाळ्याच्या तोंडावर मॅडम आल्या. या वेळी एकट्या, चालत. त्या चटईवर बसल्या नाहीत, उंबऱ्यातच टेकल्या.

"मी कागदपत्रं काढून बघितली," त्या म्हणाल्या. "कारखान्यात कपडे धुवायचे तर ते पाणी साफ करूनच सोडावं लागतं, नियम आहे. आतलं यंत्र जुनं झालं होतं. नवं बसवायचं नव्हतं. मी नेमकी तेव्हाच तुमची योजना घेऊन गेले." त्या थांबल्या. "एका दिवसात मंजूर झाली, ताई. मला वाटलं, किती चांगले लोक आहेत. त्या वर्षी मला बक्षीसही मिळालं."

नवरा आतून म्हणाला, "बक्षीस चांगलं होतं का?"

"अहो," धोबिणीने त्याला गप्प केलं.

"विचारू देत," मॅडम म्हणाल्या. "नोकरी सोडावीशी वाटते. पण मग वाटतं, माझ्या जागी येईल तो एवढंसुद्धा बोलणार नाही. आता हे खरंच आहे, का मी माझीच समजूत घालतेय, ते मला कळत नाही."

धोबिणीलाही ते कळत नव्हतं. तिने चहा केला. मॅडमनी तो संपवला.

"आता ते कपडे कुठे धुतात?" धोबिणीने विचारलं.

मॅडमनी कप खाली ठेवला. "आत नाही," एवढंच त्या म्हणाल्या.

उत्तर सावकाशकडून मिळालं. फाट्यावर त्याची गाडी गावाकडे न वळता नदीच्या वरच्या अंगाला वळताना तिने बघितली होती. दुसऱ्या फेरीला तिने हात करून थांबवलं. त्याने काच थोडी खाली केली. "वरच्या गावात एक पोरगी आहे," तो म्हणाला. "नवरा परगावी कामाला. एकटीच धुते."

"तिला सांगितलंस? झटकू नको म्हणून?"

"सांगितलं," सावकाश म्हणाला. "तुम्हालाही सांगितलं होतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी धोबीण नदीच्या काठाने वर चालत निघाली. दोन तासांची वाट. चालताना ती मनात वाक्यं जुळवत होती. माझ्या नवऱ्याचा हात बघ, असं सुरू करायचं. मग मुलीचं सांगायचं. मग डॉक्टरिणीचं. डॉक्टरिणीचा कागद तिने बरोबर घेतला होता.

वरचा घाट लहान होता, एकच दगड. तिथे एक पोरसवदा बाई गुडघाभर पाण्यात उभी होती. हातात लांब हातमोजे, तोंडावर मास्क, आणि पोट पुढे आलेलं, सहावा महिना असावा. दगडाखालून राखाडी पट्टा निघून खाली, धोबिणीच्या गावाकडे चालला होता.

धोबिणीने सगळं सांगितलं. जुळवलेल्या क्रमाने नाही, जसं आलं तसं. पोरीने मास्क काढून नीट ऐकून घेतलं, मधे बोलली नाही. कागदही हातमोजा काढून वाचला.

"माहीत आहे मला," ती म्हणाली. "साहेब आले होते, त्यांनी सगळं समजावलं. शिसं असतं, पोटातल्या बाळाला वाईट असतं, हातमोजे घालायचे. आणि समजावून सांगितलं असं कागदावर लिहून सही घेतली."

"मग समजलं ना?"

"समजलं." तिने कागदाची घडी जशी होती तशी घालून परत दिली. "न धुता काय करायचं, ते मात्र कुणी समजावलं नाही. तुम्ही सांगा, काकू. तुम्ही आता काय करता?"

धोबिणीने कागद पुन्हा कमरेला खोचला.

पोरगी मास्क वर ओढून कामाला लागली. पाण्यातला डगला तिने खेचून काढला. तो जड होता. पोट आड येत होतं म्हणून तिला वाकता येईना, एक टोक सारखं निसटून पाण्यात पडत होतं. दोनदा पडलं. तिसऱ्यांदा पडलं तेव्हा धोबिणीने चपला काढल्या, पाण्यात उतरली, ते टोक उचललं आणि चिरा गेलेल्या बोटांनी घट्ट धरून डावीकडे पीळ द्यायला सुरुवात केली.